थोरलीची पवारणा

भंते म्हणजे नक्की काय, हे आमच्या वस्तीत त्या वर्षापर्यंत कुणालाच धड ठाऊक नव्हतं. धम्म घेऊन लोकांना बरीच वर्षं झाली होती. पंचशील लहान पोरांनाही तोंडपाठ होतं. वैशाखी पुनवेला सगळे पांढरे कपडे घालून विहारात बसायचे, खीर वाटली जायची, सांगलीहून कुणीतरी एसटीनं येऊन तासभर बोलायचं आणि परतीच्या गाडीनं निघून जायचं. पण एक भंते आषाढी पुनवेपासून आश्विनी पुनवेपर्यंत तीन महिने आपल्यात राहणार, आपल्या भाकरीवर जगणार, म्हणजे काय करायचं? कवठे महांकाळच्या पूर्वेला, माळावर पसरलेली तेवीस घरांची आमची वस्ती. विहार म्हणजे माझ्या बापानं, आबानं, स्वतः दगड घडवून बांधलेली एक खोली आणि वर पत्रा. आबा गवंडी होता. त्या खोलीचा एकही कोपरा काटकोनातून सुटलेला नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

वस्तीत सगळ्यात वडीलधारे तातू अण्णा. फौजेतून हवालदार होऊन आलेले, त्यामुळे कुठलंही काम ते परेडसारखं करायचे. सांगलीला जाऊन ते भंत्यांना बोलावून आले आणि येताना नियम लिहून घेऊन आले. बायकांना विहारासमोर बसवून त्यांनी एकेक नियम वाचून दाखवला. भंते दुपारी बाराच्या आत जेवतात, नंतर अन्न नाही. भंते हातानं काही उचलून घेत नाहीत. कुणी हातात दिलं तरच घेतात. समोर नुसतं ठेवलं तर ते दिलं असं होत नाही. बाईमाणसानं एकटीनं विहारात जायचं नाही. आई हळूच म्हणाली, “रातच्याला जेवत न्हाईत? मग झोप कशी लागती?” आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तातू अण्णा म्हणाले, “हसू नगा. नियम हाय.”

मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि माझ्या तोंडाला कडी लावावी असं आईचं रोज एकदा तरी म्हणणं असायचं. मी तिथंच विचारलं, “अण्णा, वर्षावास म्हंजी पावसातलं ऱ्हाणं ना? मग आपल्याकडं पाऊसच न्हाई, तर वर्षावास कसा व्हनार?” अण्णांनी कागद उलटसुलट पाहिला. त्यात त्याचं उत्तर नव्हतं.

आमच्या घरात चार माणसं. आबा, आई, मी आणि थोरली. थोरली म्हणजे आबाच्या थोरल्या भावाची बायको, हौसाबाई. तिचा नवरा शंकर माझ्या जन्माआधी मुंबईला कामाला म्हणून गेला. दोन पत्रं आली, नंतर काहीच नाही. कुणी म्हणायचं गोदीत मेला, कुणी म्हणायचं दुसरं घर केलं. थोरली राहिली ती राहिलीच. कुंकू लावायची, पण आरशात न बघता. बोट बरोबर कपाळाच्या मध्यावर जायचं. घरातला सगळा स्वयंपाक तिच्याकडे. तिच्या हातचं हुलग्याचं माडगं प्यायला शेजारची धनगराची म्हातारी वाटी घेऊन यायची आणि बांधाच्या पलीकडं उभी राहून प्यायची. आत का येत नाही, हाही माझा एक प्रश्न होता. पहाटे जात्याचा आवाज यायचा, त्यात थोरलीचं गाणं कधीच नसायचं, नुसती घरघर. एकदा नात्यातल्या कुणी सांगलीच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम आहे म्हणून निरोप आणला होता. थोरलीचे डोळे त्या दिवशी वेगळेच दिसले. पण आबा म्हणाला, “उद्या दादा आला आन तू घरात न्हाईस, तर मी काय सांगू?” तातू अण्णांनीही मान हलवली. विषय तिथंच मिटला.

आषाढी पुनवेला आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत एसटीच्या फाट्यावर उभे होतो. आबाच्या हातात पंचरंगी झेंडा, बायकांच्या हातात फुलांची ताटं. गाडी थांबली आणि एक उंच, हाडकुळे, मुंडण केलेले भंते खाली उतरले. काखेत एक झोळी, बस्स. आबाच्या तोंडून शब्द निसटला, “दादा…” तातू अण्णा त्याच्या कानाशी पुटपुटले, “भंते म्हन.” आबानं झेंडा कुणाच्या तरी हातात दिला आणि डांबरी रस्त्यावर गुडघे टेकून तीनदा वंदन केलं. तिसऱ्यांदा तो लवकर उठलाच नाही. माझ्या हातात काहीतरी आलं म्हणून पाहिलं तर थोरलीचं फुलांचं ताट होतं, आणि ती पाठमोरी, उन्हातून घराकडं चालली होती. मी आईला विचारलं, “काय झालं?” आईनं मला चिमटा काढला. संध्याकाळपर्यंत मात्र मैत्रिणीकडून कळलंच, “त्यो भंते तुझा चुलता हाय.”

तातू अण्णांना हे आधीपासून ठाऊक होतं. भंत्यांनीच सांगलीत सांगितलं होतं, पाठवायचं तर मला त्या वस्तीत पाठवा. अण्णांना वाटलं, आपल्या मातीतलाच माणूस भिक्खूचं चीवर घालून येतोय, यापरीस मोठा मान तो कोणता. आबाला त्यांनी सांगितलं नाही, कारण आबा घरी बोलला असता. थोरलीला काय वाटेल हा प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हता. आज मी त्यांना फार दोष देत नाही. बाईला काय वाटेल हे विचारायची रीत तेव्हा कुठल्याच घरात नव्हती.

माझं कुतूहल मात्र दसपट झालं. शाळा सुटली की मी आणि दोघीतिघी पोरी विहाराच्या दारात बसायचो. आतलं सगळं बघायचो. भिंतीवरच्या दोन तसबिरी, एक बुद्धाची आणि एक निळ्या कोटातली. दोरीवर वाळणारं चीवर, जे नीट बघितलं तर तुकडे जोडून शिवलेलं होतं. पाणी गाळायचं फडकं. भंत्यांना मी पहिला प्रश्न पावसाचाच विचारला. ते हसले. म्हणाले, “पूर्वी भिक्खू बारा महिने फिरायचे. पावसाळ्यात त्यांच्या पायाखाली कोवळे कोंब तुडवले जायचे, किडेमुंग्या मरायच्या. लोकांनी तक्रार केली. म्हणून बुद्धांनी सांगितलं, तीन महिने एका जागी राहा. तुमच्या शेजारचे धनगर बघ. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेला जातात, पावसाळ्यात घरी येतात. तसंच आहे.”

“पन आपल्याकडं कोंबच येत न्हाईत,” मी म्हटलं.

“मग तुडवले जाणार नाहीत, एवढी खात्री,” ते म्हणाले. ते बोलायचे पुस्तकी, मुंबई-नागपूरकडचं, पण मधूनच एखादा ‘व्हय’ निसटायचा आणि मला वाटायचं, हा शब्द आमच्या घरातला आहे.

रोज एका घराची पाळी असायची. पाळीच्या घरात पहाटेपासून धांदल. कुणी चवळीची उसळ, कुणी शेंगदाण्याची आमटी, कुणी घरात नसतानाही तांदूळ उसने आणून भात. चौथ्या आठवड्यात आमची पाळी आली. आई म्हणाली, “मी रांधते.” थोरली म्हणाली, “चूल माझी हाय.” तिनं पातळ बाजरीच्या भाकरी केल्या, घेवड्याची आमटी, कारळ्याची चटणी आणि माडगं. आबा, थोरली आणि मी विहारात गेलो. थोरलीनं ताट भंत्यांच्या पुढ्यात ठेवलं, मागं सरकली आणि भिंतीला टेकून डोक्यावरचा पदर पुढं ओढून बसली. भंते जेवेनात. नजर खाली, हात मांडीवर. भाकरीची वाफ गेली. उंबऱ्यावरचं ऊन आत सरकत होतं, बारा व्हायला आले होते. आबा कासावीस होऊन म्हणाला, “भंते, घ्या की.”

“दिलं की घेतो,” ते म्हणाले.

आबा वहिनीकडं बघत राहिला. शेवटी मला राहवेना. मी उठले, ताट उचललं आणि त्यांच्या दोन्ही हातांवर ठेवलं. त्यांनी ताटात काही ठेवलं नाही. माडग्याची वाटीसुद्धा पुसून प्यायले. परत येताना मी थोरलीला म्हटलं, “तू इसरलीस व्हय? हातात द्यायचं असतं.” ती म्हणाली, “इसरले न्हाई. ठिवायचं तेवढं ठिवलं.”

संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असायचं. वर्षावासात बुद्धाचं चरित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायचं, ही रीत आजही आमच्याकडं आहे. वस्तीत अडखळल्याशिवाय वाचणारी मी एकटी, म्हणून वाचन माझ्याकडं आलं. बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं, आणि थोरली सगळ्यात मागं दाराशी, जणू उठून जायला सोपं पडावं म्हणून. सिद्धार्थानं घर सोडलं तो भाग आला. मी वाचत गेले, राज्य सोडलं, बाप सोडला, बायको सोडली, तान्हं लेकरू सोडलं. पुढचं पान उलटण्याआधी मी सहज मान वर केली आणि विचारलं, “भंते, मग त्याच्या बायकोनं काय केलं?”

वस्तीत सगळ्यांना एकदम खोकला आला. तातू अण्णा म्हणाले, “शालन, वाच म्होरं.” भंत्यांनी हात वर केला. मग म्हणाले, “बुद्ध झाल्यावर ते गावी आले तेव्हा सगळे भेटायला गेले. यशोधरा गेली नाही. म्हणाली, माझी काही किंमत असेल तर तेच येतील. मग बुद्ध स्वतः तिच्या दाराशी गेले.” मी मागं पाहिलं. थोरली गेली नव्हती. ती भंत्यांकडं सरळ बघत होती, ते आल्यापासून पहिल्यांदा.

आश्विनी पुनव आली. गावात त्या दिवशी कोजागिरीच्या दुधाची तयारी, आमच्याकडं पवारणा. पवारणा हा शब्दच आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. सकाळी सगळी वस्ती विहारात आणि विहाराबाहेर बसली होती. वंदना झाली, पंचशील झालं. मग भंते सांगू लागले. तीन महिने एका जागी राहिलं की माणसाचे दोष बाहेर येतातच. म्हणून वर्षावास संपताना भिक्खू एकमेकांपुढं हात जोडून बसतात आणि म्हणतात, माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल, तर दया करून सांगा. मला दोष दिसला तर मी दुरुस्त करीन. “इथं मी एकटाच भिक्खू आहे. एकट्यानं हे मनाशी करायचं असतं. पण तीन महिने मी तुमच्यात राहिलो. म्हणून तुम्हालाच विचारतो.” आणि ते खरंच उकिडवे बसले आणि त्यांनी हात जोडले.

पुढं एका जाणकारानं मला सांगितलं की गृहस्थांपुढं अशी पवारणा करत नाहीत, नियमात बसत नाही. नसेल बसत. मी वाद घालत नाही. मी जे पाहिलं ते लिहितेय.

तातू अण्णा म्हणाले, “आमचं काय बी म्हननं न्हाई, भंते.” भंते तसेच बसून राहिले. मग विहाराला लागून ज्याचा गोठा होता तो म्हातारा भिवा चाचरत उठला. “आवं भंते, रागावू नगा. पहाटं तुमी लय मोठ्यानं खाकरता. माझी म्हस बुजती. धार न्हाई देत.” सगळे हसले. भंतेही हसले आणि म्हणाले, “दिसला दोष. दुरुस्त करीन.” त्या हसण्यानं हवा हलकी झाली, लोक उठायला लागले, आणि दाराशी थोरली उभी राहिली.

“आवं,” तिनं सुरुवात केली. मग थांबली. “भंते. मला बोलायचं हाय.”

आबा अर्धवट उठला. तातू अण्णा म्हणाले, “हौसा, ही जागा न्हाई…” भंत्यांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि अण्णा गप्प झाले.

“तुमी गेला, त्याचं म्हनत न्हाई मी,” थोरली म्हणाली. भाकरी भाजली का बघावं तशी ती एकेक वाक्य उलटून बघत होती. “पोरीनं वाचलं, मी ऐकलं. मोठ्या कामाला माणूस जातो. पन एक कार्ड टाकाय काय झालं व्हतं? सोळा दिवाळ्या मी कुंकू लावताना इचार केला, हे खरं हाय का खोटं. लग्नाला सवाशीण म्हनून बोलवायचं का न्हाई, हे बायकास्नी कळत नव्हतं. मला तरी कुठं कळत व्हतं? मेला म्हनून रडले न्हाई, जिता हाय म्हनून हसले न्हाई. एवढाच तुमचा दोष हाय. मी पाहिलेला.”

पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती. भंत्यांचे हात जोडलेलेच होते. “कार्ड लिहायला घेतलं होतं,” ते म्हणाले. “खूपदा. वाटायचं, लिहिलं तर परत यावं लागंल. भ्यालो. दोष मला दिसला.”

“ते तुमचं झालं. माझं काय?”

“काय करू, सांगा.”

“हितं समद्यांम्होरं बोला. ही बाई कुणाची वाट बघत न्हाई म्हनून. माझ्या दिराला ऐकू दे, अण्णास्नी ऐकू दे.”

भंते सगळ्यांकडं वळले. आबाकडं बघत, स्पष्ट शब्दांत म्हणाले, “हौसाबाईंनी माझी वाट पाहायची नाही. कुठं जायचं, काय करायचं, ते त्यांचं त्या ठरवतील. त्यांना कुणी अडवू नये. हे मी सोळा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.” चांगलं काही घडलं की आमच्यात तीनदा ‘साधू’ म्हणतात, पण हे चांगलं घडलं की वाईट, हेच लोकांना ठरवता येईना. तेवढ्यात बायकांमधून एक बारीक आवाज आला, “साधू.” आई होती. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी माझी आई. मग दुसरी बाई म्हणाली, तिसरी म्हणाली, आणि मग सगळी वस्ती म्हणाली.

त्या दुपारी आबा जेवला नाही. चुलीपाशी येऊन, उभ्या-उभ्याच म्हणाला, “वैनी, त्या वसतिगृहाच्या कामाला मीच आडवं आलो. माझं बी चुकलं.” थोरलीनं त्याच्यापुढं ताट सरकवलं आणि म्हणाली, “जेवा आधी. चुकलेलं उपाशी पोटी दुरुस्त व्हत न्हाई.”

चार दिवसांनी चीवरदान झालं. आता मी साताऱ्यात राहते. इथल्या चीवरदानात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली तयार चीवरं येतात, नावं लाउडस्पीकरवर पुकारली जातात, दानाचे फोटो दाता घरी पोचायच्या आत फोनवर पोचतात. मला वाईट वाटत नाही; माणसं जमतात, पोरींना पांढऱ्या साड्या शोभतात, आणि दरवर्षी कुणीतरी मला पवारणेचा अर्थ सांगायला उभं करतं. मी भिक्खूंचा नियम सांगते, तीन महिन्यांचं सांगते, थोरलीचं सांगत नाही. व्यासपीठावर ते सांगता येत नाही. त्या वर्षी आमच्या वस्तीनं सगळ्यांत मिळून एक कापड घेतलं होतं आणि आईसकट चार बायकांनी ते शिवलं होतं. भिक्खूला ज्या आठ वस्तू जवळ ठेवता येतात त्यात सुई एक असते, हे भंत्यांनीच आम्हाला शिकवलेलं. कापड देऊन झाल्यावर थोरली पुढं आली आणि तिनं भंत्यांच्या तळहातावर सुई आणि दोऱ्याचं रीळ ठेवलं. “फाटलं तर तुमचं तुमी शिवा,” ती म्हणाली. भंत्यांनी मूठ मिटली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते निघाले. आमच्या वस्तीत ते परत वर्षावासाला आले नाहीत. फार वर्षांनी, दूर कुठंतरी वारले, तेव्हा निरोप तातू अण्णांच्या मुलाकडं आला. थोरलीनं ऐकून घेतलं, हात धुतले आणि त्या संध्याकाळी विहारात जाऊन एकटीनं मेणबत्ती लावली.

पण ते फार पुढचं. त्या दिवाळीनंतर आबा थोरलीला सांगलीला घेऊन निघाला आणि मी हट्टानं बरोबर गेले. कारण पुढची शाळा तिथंच, थोरलीजवळ राहून करायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ते खरंही झालं, आणि मी नर्स झाले ती त्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या पाटावर अभ्यास करूनच. त्या दिवशी कार्यालयात चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी कागद पुढं ओढला. नाव विचारलं. थोरली म्हणाली, “हौसाबाई.”

“नवऱ्याचं नाव?”

आबानं तोंड उघडलं. थोरलीनं त्याला हातानं थांबवलं. “त्यास्नी आता ते नाव न्हाई. त्यांनी सोडलं. तुमी माझंच लिवा.”

“अहो, पूर्ण नाव लागतं.”

“हौसाबाई. एवढंच पुरं हाय.”

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं, क्षणभर पेन धरून ठेवलं आणि लिहिलं. मग विचारलं, “स्वयंपाक किती जणींचा जमेल?”

“पोरी किती हायत?” थोरलीनं उलट विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पदर खोचून स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे ते शोधायला निघाली.